जबड्यालगतचा डाग

दादा भाकरी दुधात कुस्करून खायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथं तो, वहिनी आणि त्यांची शाळकरी नात राहतात, मी नोकरीमुळे सांगलीत. आयुष्यभर त्यानं भाकरीवर ठेचा घेऊन, बुक्कीनं कांदा फोडून जेवण केलेलं. त्या दिवशी मी गावी गेलो होतो. तो खाली मान घालून, सगळा घास उजव्या गालात फिरवत जेवत होता.

"ठेचा नाही घेतलास?" मी विचारलं.

"दाताचं टोक लागलंय जिभंला. हुईल बरं."

"दोन म्हैनं झालं हुतंयच बरं," वहिनी चुलीपासून म्हणाल्या. "भावजी, तुमी तरी सांगा की ह्यास्नी. माझं कोण ऐकतंय हितं?"

जेवण झाल्यावर मी त्याला दाराच्या उजेडात उभा केला आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेच्या डाव्या कडेला रुपयाएवढी जखम होती. मधोमध खोल, कडा उचललेल्या, आणि कडेचं मांस पांढुरकं. बोटानं दाबलं तर जिभेसारखं लागेना, चिंचोक्यासारखं टणक लागलं. जीभ सरळ बाहेर येत नव्हती, डावीकडे वळत होती. मी डॉक्टर नाही. कुपवाडला ओतकाम करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, दिवसभर व्हर्निअर घेऊन मापं घेतो. पण सरळ काय आणि वाकडं काय, एवढं मला कळतं.

दादा जनावरांच्या बाजारात दलाल होता. पुसेगाव, म्हसवड, औंधची यात्रा, जिथं खिलार बैल विकायला यायचे तिथं तो असायचा. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो, दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतो आणि खाली बोटं धरून भाव सांगतो. जितकी बोटं धरली तितके हजार, सगळा पंजा धरला की पाच, बोटाचं पेर दाबलं की अर्धा. मान्य असेल तर समोरच्यानं मूठ मिटायची, मान्य नसेल तर हात सोडवून घ्यायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. कॉलेजात असताना सुट्टीत मी त्याच्यामागून बाजारात हिंडायचो, तेव्हा त्यानं मला हे शिकवलं. दोन गोष्टी त्यानं पक्क्या करून घेतल्या होत्या. वर तोंडानं काय वाटेल ते बोल, शिव्या दे, थट्टा कर, बैलाला नावं ठेव. पण टॉवेलाखाली खोटा आकडा द्यायचा नाही. आणि टॉवेलाखालचं तिसऱ्याला सांगायचं नाही, गिऱ्हाईक मेलं तरी.

आणि तो तंबाखू खायचा. डाव्या तळहातावर चुना लावून अंगठ्यानं मळायची, चिमूट डाव्या गालात, खालच्या हिरडीला लावून ठेवायची. सौदा लांबला की चिमूट मोठी. त्याची जीभ रिकाम्या वेळीही त्या जागेला जाऊन यायची. बोलताना, ऐकताना, झोपेतसुद्धा.

सांगलीत जखमेचा तुकडा तपासायला दिला आणि कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या आसपास, बोलणं मोजकं. निदान ऐकून वहिनींनी पहिलं काम केलं ते हे की दादाला घेऊन औंधला गेल्या, यमाईदेवीसमोर त्याला उभा केला, नातीच्या डोक्यावर त्याचा हात ठेवला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, की पुन्हा तंबाखूला शिवणार नाही. त्याची तंबाखूची चंची त्यांनी घरी येऊन स्वतःच्या हातानं चुलीत घातली. हे सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं. "आता आई बगंल," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेआधी एमआरआय सांगितला. दादानं विचारलं, "जखम तर दिसतीया की. मग फोटू कशाला?"

बाईंनी कागदावर जिभेचा आडवा छेद काढला, आंब्याच्या अर्ध्या फोडीसारखा. त्यावर एका बाजूला छोटी रेघ मारली. "हे दिसतंय तुम्हाला. आत किती गेलंय ते दिसत नाही, आणि बोटानं दाबून नक्की कळत नाही. किती खोल गेलंय त्यावर किती जीभ काढायची ते ठरतं. गाठीच्या चारी बाजूंनी एक सेंटीमीटर चांगलं मांस सोबत काढावं लागतं. जीभ उगाच जास्त काढली तर तुम्ही बोलायला, गिळायला मुकाल. कमी काढली तर आत राहील."

मला ते पटलं. मापाशिवाय कापायचं नाही, हा आमच्याही कामाचा नियम आहे.

एमआरआयच्या दिवशी मी दोघांना कुंडलपर्यंत गाडी घेऊन आणायला गेलो, कारण गावातली जीप तिथपर्यंतच येणार होती. गाडीत दादानं सारखी जीभ गालात फिरवली, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा फिरवली. तंबाखू सुटल्यावर माणूस चिडतो असं ऐकलं होतं, तो चिडत नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं.

मशीन चालवणारा माणूस मिरजेकडचा होता, मराठी कानडी सुरात बोलायचा. "किल्ल्या, पैसे, घड्याळ, सगळं काढा बघू. हे मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक. कमरेला काय?"

कमरेला करदोटा होता आणि त्यात ओवलेली ताईताची छोटी पेटी. "ते पण तोडा," तो म्हणाला.

वहिनी पुढं झाल्या. "आवं भाऊ, जित्या माणसाचा करदोटा तोडत न्हाईत. मानूस गेल्यावर तोडत्यात."

"अहो आक्का, तोडू नका, सोडा. गाठ सोडली की झालं. मी काय कात्री घेऊन बसलोय?"

वहिनींनी गाठ सोडली. करदोटा पदराच्या टोकाला बांधून हातात धरला आणि सगळा वेळ तो तसाच धरून बसल्या.

"तोंडात काय? कवळी? टोपी बसवलेला दात?"

दादानं मान हलवली. नाही.

"मग ऐका मामा. आत धडाधड आवाज येतो. आवाज चालू असला की जीभ हलवायची नाही. गिळायचं असलं तर आवाज थांबल्यावर गिळा. जीभ हलली की फोटो पुसट."

दादा म्हणाला, लघवीला जाऊन येतो. आला आणि आत गेला. पाऊण तास लागला. बाहेर येताच तो सरळ कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेला आणि नळ सोडून बराच वेळ वाकून उभा राहिला. शिरेतून औषध देतात, त्यानं मळमळलं असेल, असं मी समजलो.

रिपोर्ट घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी पडद्यावर चित्रं लावली. माझ्या भावाचं डोकं मी आतून पाहत होतो, हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत, राखाडी, एकावर एक पातळ कापांसारखं. बाईंनी जिभेवर दोन टोकांना खुणा केल्या, पडद्यावर आकडा आला. खोली अकरा मिलिमीटर. पण चित्र पुसट होतं. जिभेची कड दोन-तीन वेळा छापल्यासारखी दिसत होती. "हलली आहे," त्या म्हणाल्या. "त्यामुळे हा आकडा मी अंदाज म्हणून धरते."

मग त्यांनी दुसरं चित्र लावलं आणि पडद्याजवळ वाकल्या. डाव्या बाजूला, खालच्या हिरडीलगत, गाल आणि जबड्याच्या मधे एक लांबट डाग होता. बोटाच्या पेराएवढा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तेच मी बघतेय." त्यांनी हातमोजा घातला, दादाला तोंड उघडायला सांगितलं आणि त्याच्या गालात बोट फिरवलं. बराच वेळ. "इथं हाताला काही लागत नाही. जखम नाही. पण चित्रात आहे. जबड्याला टेकलेलं दिसतंय, आणि हाडाची कड हलल्यामुळं नीट कळत नाही." त्यांनी हातमोजा काढला. "हे जर जिभेवरच्याच रोगाचं असेल, तर हिरडी आणि जबड्याच्या हाडाचा एक भाग काढावा लागेल. दात जातील. चेहरा बदलेल. माझी तशी तयारी ठेवावी लागते. आत ठेवून मी शिवू शकत नाही."

वहिनींनी तोंडावर पदर धरला.

"एक सांगा," बाई दादाकडे वळल्या. "फोटो काढताना तोंडात काही होतं का? औषध, कापूस, लवंग, तंबाखू, काहीही. मी रागावणार नाही. पण मला कळायला हवं, त्यावर पुढचं ठरतं."

"तंबाखू न्हाई," वहिनीच म्हणाल्या. "यमाईम्होरं शपथ घेतलीया ह्यांनी. नातीच्या डोस्क्यावर हात ठिऊन. चंची मी चुलीत घातली, भावजींना ठावं हाय."

बाईंनी दादाकडे पाहिलं. दादा भिंतीकडे बघत होता. भिंतीवर दातांच्या रचनेचा तक्ता होता.

"न्हाई," तो म्हणाला.

बाईंनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. त्यांना रेडिऑलॉजिस्टशी बोलायचं होतं. दुसरं चित्र काढता येईल, त्या म्हणाल्या, पण तोंडात काहीच नव्हतं तर दुसऱ्यातही हेच दिसेल असं धरूनच त्या शस्त्रक्रियेची आखणी करतील. हाडाचं काम असेल तर दुसरे डॉक्टर बोलवावे लागतात, पायाचं हाड घेऊन जबडा बांधावा लागतो, वेळ दुप्पट लागतो. ते आधी ठरवावं लागतं.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. मधे दादा, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. तेव्हा मला बेसिनचा नळ आठवला. औषधानं मळमळलेला माणूस ओकतो, आवाज होतो. दादाचा काही आवाज झाला नव्हता. तो नुसतं तोंड धूत होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता आणि त्याचा जबडा किंचित हलत होता. मला स्पष्ट दिसलं की हा माणूस बोलणार नाही. बायकोसमोर, देवीच्या आणि नातीच्या शपथेनंतर, तो हाड कापून देईल पण हे बोलणार नाही. आणि मी त्याला उठवून बाजूला नेलं असतं तर वहिनीही उठून मागं आल्या असत्या. त्या दिवशी त्या त्याला क्षणभर सोडत नव्हत्या.

त्याच्या खांद्यावर टॉवेल होता. मी तो ओढून घेतला, त्याचा डावा हात माझ्या हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला.

तो दचकला नाही. हात ढिला ठेवला, दलालाच्या हातात देतात तसा.

माझ्याकडे आकड्यांशिवाय दुसरी भाषा नव्हती, आणि हा प्रश्न आकड्याचा नव्हता. मी त्याचा तळहात उताणा केला आणि माझा अंगठा त्यावर घासला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तंबाखू मळतात तसा. मग थांबलो.

समोरून एक बाई पोराला काखेत घेऊन गेली. कुणाचा तरी नंबर पुकारला. दादाचा हात तसाच होता, उघडा, गरम, जरासा ओला. मग त्याची बोटं हळूहळू वाकली आणि माझ्या अंगठ्याभोवती त्याची मूठ मिटली.

"आगं बया," वहिनी म्हणाल्या. त्यांनी टॉवेल पाहिला होता. "बाजार भरवलाय का काय दोगा भावांनी हितं? कुटला बैल इकाय काढलाय?"

"म्हातारा हाय," दादा म्हणाला. "गिऱ्हाईक मिळंना."

वहिनी रडता रडता हसल्या. मी उठलो आणि चहा आणतो म्हणून बाईंच्या खोलीत गेलो.

त्यांना मी सांगितलं. आत जीभ गप्प राहणार नाही, म्हणून तिला ओळखीची जागा दिली असावी. लघवीच्या निमित्तानं चिमूट लावली. पुडी टॉवेलाच्या गाठीत असणार. मी हेही सांगितलं की वहिनींना हे कळता कामा नये. बाईंना राग आला होता तो त्यांनी दाखवला नाही. "उद्या सकाळी पुन्हा काढू," त्या म्हणाल्या. "बरं झालं. एवढ्यासाठी मी जबडा उघडला असता."

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्यानं टॉर्च लावून दादाचं तोंड पाहिलं, गाल आणि हिरडीच्या मधे ओल्या कापडाची घडी ठेवली आणि म्हणाला, "आता ह्याला जीभ टेकून ठेवा मामा. ह्याच्यात चव नाही, काय करणार." बाईंनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं मलाही आत थांबू दिलं. खिसे रिकामे करून, पट्टा काढून मी मशीनच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि दादाचा पाय धरला. आवाज सुरू व्हायच्या आधी मी त्याचा अंगठा दाबायचो, थांबला की सोडायचो. त्याचं सगळं अंग ताठ झालं होतं. मांडीचे स्नायू थरथरत होते. एवढी ताकद त्यानं कधी बैल आवरताना लावली नसेल जेवढी त्या दिवशी जीभ जागेवर ठेवायला लावली.

चित्र स्वच्छ आलं. जबड्यालगतचा डाग नव्हता. हाडाची कड अखंड, रेघ ओढल्यासारखी.

बाईंनी ते आधी सांगितलं. वहिनींनी हात जोडले, डोळे मिटले, आणि तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "आई, पावलीस. शपथ पाळली म्हनून पावलीस."

मी दादाकडे पाहिलं नाही.

मग बाईंनी मला एकट्याला थांबवून घेतलं आणि जिभेचं चित्र दाखवलं. पहिल्या चित्रात जिभेची कड पुसट होती, म्हणून आतली कडही पुसट होती. आता दोन्ही दिसत होत्या. अकरा नव्हे, सतरा. गाठ आतल्या स्नायूंत उतरली होती आणि मधल्या रेषेपासून चार मिलिमीटरवर येऊन ठेपली होती. त्यापुढं एक सेंटीमीटर चांगलं मांस. मी मनात बेरीज करत होतो आणि बाई मला करू देत होत्या.

"किती जाईल?" मी विचारलं.

"पाचातले तीन भाग. थोडं जास्तच. उजवीकडची राहील, मागची राहील. मांडीचं मांस घेऊन जागा भरू. गिळायला शिकवू. बोलणं..." त्या थांबल्या. "घरच्यांना कळेल एवढं येईल. कदाचित."

पहिल्या चित्रावर विसंबून शस्त्रक्रिया झाली असती तर विनाकारण जबडा गेला असता आणि जीभ कमी काढली गेली असती. म्हणजे जे चांगलं होतं ते काढलं असतं आणि जे वाईट होतं ते आत राहिलं असतं. हा हिशेब मी नंतर अनेकदा मांडला. दादानं मूठ मिटली म्हणून हा हिशेब चुकला नाही. पण त्यामुळं जे वाचलं ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे जाणार होतं त्याचं माप स्पष्ट होतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी वॉर्डात वहिनी त्याच्या उशाशी बसून सांगत होत्या, "थोडीशीच काडनार हायती. कडची. डॉक्टरीण म्हनली." बाई असं म्हणाल्या नव्हत्या. मी तसं वहिनींना सांगितलं होतं, कारण त्यांनी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं.

"बरं," दादा म्हणाला. मग त्यानं चादरीखालून हात माझ्याकडे सरकवला. पाची बोटं पसरलेली.

पाचातली किती जाणार, हा प्रश्न कळायला मला वेळ लागला नाही. उत्तर द्यायला लागला. वर तोंडानं मी काहीही बोलू शकत होतो, बोललोही, "दोन दिवसांत उठून बसशील," असं काहीतरी. खाली त्याचा हात वाट बघत होता. मी त्याची तीन बोटं धरली. करंगळीपासून तीन. मग चौथ्याचं पहिलं पेर दाबलं.

तो छताकडे बघत राहिला. त्याची मूठ मिटली.

"म्हशीला भरडा घालायला सांग त्या पोरीला," तो वहिनींना म्हणाला. "आन् पाट चालू हाय तवर गवताला पानी." त्याच्या तोंडातून स्पष्ट ऐकलेलं ते शेवटचं बोलणं. मी ते लक्षात ठेवलं नव्हतं, आपोआप राहिलं.

काढलेल्या मांसाचा रिपोर्ट आला त्यात खोली सोळा मिलिमीटर होती. कडा सगळ्या स्वच्छ. एमआरआय एका मिलिमीटरनं चुकला होता. आमच्या कारखान्यात एवढ्या फरकाला तुकडा परत पाठवतात, पण इथं बाईंनी मला बोलावून तो आकडा समाधानानं दाखवला आणि मीही तो समाधानानं वाचला. पुढं किरणांचे उपचार झाले. नाकातली नळी निघाली. आता तो पेज, दूध, मऊ भात गिळतो, मान मागं टाकून, प्रत्येक घासाला थांबून. चेहरा त्याचाच आहे. बघणाऱ्याला काही कळत नाही, तोंड उघडेपर्यंत.

बोलण्याचं बाईंनी सांगितलं तसंच झालं. घरच्यांना कळतं. पण मी काही महिने ऐकून हे पाहिलं आहे, की जे आधीच ठाऊक असतं तेवढंच कळतं. पाणी, भूक, म्हैस, वीज आली का, पोरगी शाळेतनं आली का. रोजची चाळीस-पन्नास वाक्यं आहेत, त्यांची चाल वहिनींना पाठ आहे. पहिल्यांदाच सांगायचं असं काही असेल, तर तो कितीही वेळा बोलला तरी नुसता आवाज येतो. बाजारात तो पुन्हा गेला नाही. हात शाबूत आहेत, सौदा हातानंच होतो, असं मी एकदा म्हणालो. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. शिव्या, थट्टा, बैलाला नावं ठेवणं, हे सगळं वर चालू असल्याशिवाय खालचा हात कुणी देत नाही.

किरणांचे उपचार संपल्यावर वहिनींनी यमाईची ओटी भरायचं ठरवलं. मी सांगलीहून गेलो. डोंगरावर गाडी बरीच वर जाते, तरी राहिलेल्या पायऱ्या चढताना दादा दोनदा बसला. ओटी भरून झाल्यावर वहिनी मंडपात बायकांना सांगू लागल्या. ओळखीच्या दोघी होत्या, बाकीच्या अनोळखी, पण सगळ्या ऐकत होत्या.

"जबड्यात बी गेलंवतं. म्या सवता फोटूत बगितलं, एवढं. आन् दुसऱ्या दिशी साफ! डॉक्टरीण म्हनली, आसं कसं झालं? म्हनलं, आईम्होरं सोडली हुती तंबाखू. शब्द पाळला. शब्द पाळनाऱ्याला आई टाकत न्हाई."

दादा खांबाला टेकून उभा होता. तो पुढं झाला, वहिनींच्या दंडाला हात लावला आणि बोलला. लांब वाक्य होतं. मला एक शब्द कळला नाही.

"पानी पायजे?" वहिनींनी विचारलं.

त्यानं मान हलवली. पुन्हा बोलला, सावकाश, ओठ ताणून. लाळ हनुवटीवर आली. वहिनींनी पदरानं पुसली.

"दमलासा व्हय? बसा की जरा. का पोरीला पेढं घ्याचं म्हनताय? घिऊया की."

तिसऱ्यांदा तो बोलला नाही. बायका माना खाली घालून बाजूला झाल्या. वहिनींना वाचता येत नाही, दादा चौथीपर्यंत शिकलेला. कागदाचा प्रश्नच नव्हता. तो माझ्याजवळ आला, खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात धरला आणि वर टॉवेल टाकला. माझ्या तळहातावर त्याचा अंगठा फिरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग त्यानं हनुवटीनं वहिनींकडे खूण केली.

तू सांग, असं तो म्हणत होता. माझ्या वतीनं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पाटीत नारळ नीट ठेवत होत्या. या सगळ्या काळात त्यांनी जेवढं सोसलं त्याच्याखाली आधार म्हणून त्यांनी ही एकच गोष्ट ठेवली होती. आणि हे माझं सांगायचं नव्हतं. टॉवेलाखालचं तिसऱ्याला सांगायचं नाही, हे त्यानंच मला शिकवलं होतं, आणि डॉक्टरबाईंपाशी मी ते एकदा मोडलं होतं.

मी हात सोडवून घेतला.

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, रिकाम्या हातावर टॉवेल घेऊन. मग त्यानं तो झटकून खांद्यावर टाकला.

"झाला का बाजार?" वहिनी पाटी उचलत म्हणाल्या. "काय ठरलं वो भावजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "नाही जमलं."

"आता तुमी बी द्या सोडून त्यो सौदा," त्या हसत त्याला म्हणाल्या, आणि उतरताना आधाराला त्याचा हात धरला.